पेपर प्लेट आणणाऱ्यांनी मेन्यू ठरवू नये

काल रात्री आमच्या वसईच्या फॅमिली ग्रुपवर नाताळच्या जेवणाची लिस्ट पडली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. सुरुवात नणंदेने केली, "यावेळी सगळ्यांनी वाटून घेऊ या हं, एकीवर लोड नको." त्यावर पटापट अंगठे आले, बदाम आले आणि मग धाकट्या जावेने वाटणी टाकली. पेपर प्लेट आणि टिश्यू ती स्वतः. कोल्ड्रिंक मधले दीर. केक नणंद, म्हणजे बेकरीतला. आणि भाचा, बर्फ. बर्फ! नोकरीला लागलेला, रोज जिमला जाणारा, बुलेट उडवणारा धडधाकट बाप्या, त्याच्या नावासमोर बर्फ, आणि खाली त्याचं "डन".

माझ्या नावासमोर काय? इंद्याल (डुकराच्या मटणाचं तिखट-आंबट कालवण), सोरपोतेल, फुगे (फुगवलेल्या पिठाचे तळलेले गोळे), चिकन (मुलांसाठी कमी तिखट), पुलाव, सॅलड आणि सगळ्यात शेवटी "फराळ नेहमीसारखा". माणसं बावीस. मला एका शब्दाने विचारलं नाही कोणी. वर जाऊ लिहिते, "वहिनी, तुमच्या हाताला सवय आहे ना, तुम्हाला पटापट जमतं." अगं बाई, सवय आहे कारण दरवर्षी तुम्ही सगळे बाहेरच्या खोलीत बसता आणि मी एकटी आत असते!

त्या पेपर प्लेटचंच आधी सांगते. वसईतल्या पापडी गावात कुठल्याही दुकानात उभं राहिलं की पाच मिनिटांत मिळतात. तरी गेल्या वर्षी ही बाई उशिरा आली, लोक ताटकळले, आणि आणल्या त्या कसल्या, सगळ्यात स्वस्तातल्या, पातळ. इंद्यालचा रस्सा वाढला की खालून ओल्या, एका काकांच्या पांढऱ्या शर्टावर तेल उतरलं. मग काय, "वहिनी, स्टीलची ताटं काढा ना." काढली मी. जेवण झाल्यावर ती घासली कोणी? मीच. आणि ग्रुपवर तिने फोटो टाकून खाली लिहिलं, टीम वर्क. हे टीम वर्क वाचलं तेव्हा मी सिंकपाशी उभी होते, वर्ष झालं, अजून राग गेलेला नाही आणि जाणारही नाही.

आता जरा हे "पटापट" काय असतं ते बघा. सोरपोतेल म्हणजे मटण आणून कुकरला लावलं असं नसतं. डुकराचं मटण, लिव्हर, हार्ट आधी उकडायचं, मग गार करून बारीक बारीक चौकोनी तुकडे, चरबीसकट, सुरी सारखी निसटते, बोटं चिकट होतात, पाणी घेतलं तरी जात नाही. मग परतायचं, मग सिरक्यात वाटलेला मसाला, आणि ते एक-दोन दिवस आधीच करायला लागतं कारण मुरल्याशिवाय चव नाही, रोज उकळी काढायची. इंद्यालची लाल मिरची, लसूण, जिरं सिरक्यात वाटायचं, हाताची आग रात्रभर. चिकनला जो बॉटल मसाला घालतात तो काय डिसेंबरात उगवतो? तो एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवून, वीस-पंचवीस जिन्नस एकेक भाजून, कुटून, बाटल्यांत दाबून भरून ठेवलेला असतो. तेव्हाही उन्हात गच्चीवर मीच होते. तेव्हा कुठली लिस्ट नव्हती आली ग्रुपवर.

आणि फुगे. फुगे तर मला नाताळात डोळ्यांसमोर नको झालेत. पीठ आदल्या रात्री भिजवायचं, पूर्वी ताडी घालायचे, आता यीस्ट, आणि थंडी असली की ते पीठ फुगता फुगत नाही, म्हणून टोप चादरीत गुंडाळून ठेवायचा आणि रात्री उठून बघायचं. सकाळी डाव्या मुठीत पीठ घ्यायचं, अंगठ्याच्या बेचक्यातून दाबून गोळा काढायचा आणि उजव्या हाताची ओली बोटं लावून कढईत सोडायचा, पाणी जरा जास्त झालं की तेल मनगटावर. गरम असतानाच खायचे असतात म्हणून सगळे बसले की मी तळायला उभी. बाहेरून आवाज येतो, "अजून आण गं", आणि मी बसेपर्यंत उरलेले गार, वर एकजण म्हणणार, यावेळी जरा कडक झालेत का. कडक झालेत तर नका खाऊ!

मोठे दीर दरवर्षी जेवणाआधी उभे राहून भाषण देतात. आपली परंपरा, आपली वसई, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले पण आपला धर्म राहिला, आपली मराठी राहिली, आपलं इंद्याल राहिलं. टाळ्या. खरंय हो सगळं, मलाही अभिमान आहे, मराठीतली मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. पण १७३९ पासून आजपर्यंत ते इंद्याल चुलीपुढे बसून टिकवलं कोणी, ते एकदाही भाषणात येत नाही. सासूबाई आयुष्यभर त्या धुरात बसल्या, लाल लुगडं नेसलेल्या त्यांच्या सासूबाई त्याआधी. यांच्या हातात सुरी मी कधी पाहिली नाही, केक कापायची सोडून.

ऑफिसात वेगळाच ताप. २५ ची सुट्टी आहे, २४ ला फुल डे. संध्याकाळी चर्चगेटहून विरार पकडायची, त्या गर्दीत वसईला उतरायचं म्हणजे काय ते रोज करणाऱ्यांना सांगायला नको. मिस्सा मध्यरात्रीची म्हणायची, पण दहानंतर लाउडस्पीकर नको या नियमापायी कितीतरी ठिकाणी ती आधीच उरकतात, म्हणजे घरी येऊन साडी बदलायलाही वेळ नाही. आणि निघताना शेजारच्या टेबलावरून, "मज्जा आहे बाबा तुमची, केक, वाईन, पार्टी! आमच्यासाठी केक आण हां." तीच बाई दरवर्षी विचारते, तुम्ही ख्रिश्चन असून मराठी इतकं छान कसं बोलता. अगं, घरी मराठी, शाळा मराठी, प्रार्थना मराठी, मी दुसरं बोलणार काय? तिला डबा भरून कुलकुल, म्हणजे आमच्या फराळातले तळलेले गोड शंख, देते मी दरवर्षी, यंदा देणार नाही. काट्याच्या पाठीवर एकेक वळून काढलेले असतात ते, मान मोडते.

कॅनडावाली नणंद तर वेगळाच विषय आहे. येते, मार्झिपान, म्हणजे आमची काजूची मिठाई, खाते, डोळे मिटते आणि म्हणते, "छान झालंय, पण आईच्या हातची ती चव नाही." सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्याकडून शिकायला किती वेळा आत आली ही? त्यांचा गुडघा गेला तेव्हा पाटावर बसून काजू वाटायला मी होते. प्रमाण त्यांनी मला सांगितलं, तोंडी, बोटांवर दाखवून, कारण त्यांच्याजवळ मीच होते. ती चव हवी असेल तर ये ना, महिनाभर आधी ये, बस माझ्याबरोबर, सगळं शिकवते, खरंच शिकवते.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? काल मी लिहिलं की मला एकटीला हे झेपणार नाही, तर पाच मिनिटं ग्रुप गप्प, आणि मग जाऊ, "ठीक आहे, मग अर्नाळ्याला एखाद्या रिसॉर्टला बुफे करू या." लगेच चार जण, हो हो, बेस्ट. म्हणजे एकतर माझी कंबर नाहीतर बुफे. तिसरं काही सुचतच नाही कोणाला. बावीस माणसांत चव्वेचाळीस हात आहेत, त्यातल्या चार-सहा हातांनी कांदा चिरावा, हे कोणाच्या डोक्यात येत नाही! मला बुफे नकोय. पनीर आणि नूडल्सच्या रांगेत ताट घेऊन उभं राहायला नाताळ नाही. मला सोरपोतेल हवंय, घरचं हवंय, पोरांनी ते खाऊन मोठं व्हावं असं मनापासून वाटतं. माझ्या मुलीला अजून फुगे सोडता येत नाहीत, भाच्याला तर यीस्ट कुठल्या डब्यात असतं ते माहीत नाही. आम्ही तीन-चार बायका थकलो की हे सगळं खतम, मग करा भाषणं.

आणि मला मिस्सेला नीट बसायचंय. इतकी वर्षं २४ च्या रात्री मी चर्चमध्ये बाळ येशूच्या गोठ्यासमोर बसून डुलक्या काढते, हाताला सिरक्याचा वास, डोक्यात गॅसवरचा टोप, फादर काय बोलले ते दुसऱ्या दिवशी दुसऱ्यांकडून कळतं. बाळ येशूचा सण आणि मला प्रार्थनेला जागं राहता येत नाही, हे मला लागतं, खूप लागतं.

म्हणून आज सकाळी मी माझी लिस्ट टाकली. इंद्याल मी करेन, माझ्या आवडीचं आहे. सोरपोतेलचं मटण चिरायला २३ च्या रात्री भाचा आणि मधले दीर माझ्या ओट्याशी, स्वतःच्या सुऱ्या घेऊन. कुलकुल वळायला सगळी पोरं रविवारी दुपारी. चिकन धाकट्या जावेने स्वतःच्या घरी करून आणायचं, बॉटल मसाला मी देईन. ताटं स्टीलची, घासायची पाळी मोठ्या दिरांपासून सुरू. फुगे तळताना शेजारी पीठ सोडायला माझी मुलगी आणि नणंद, दोघी उभ्या राहणार असतील तरच फुगे, नाहीतर पाव.

दुपारपासून सगळ्यांच्या ब्लू टिक आहेत आणि एकाचाही रिप्लाय नाही. पोर्कवाल्याकडे पहाटे अंधारात लाईन लागते, तिथे यंदा कोण उभं राहणार तेवढं मला आज रात्रीपर्यंत नावासकट कळवा. नाव आलं नाही तर मी मटणाची ऑर्डर देणार नाहीये.