परदेशातून : पट चौदा

गेल्या महिन्यात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वस्तीवरच्या शाळेचा फोटो आला. माण तालुक्यातली आमची शाळा : दोन खोल्या, पुढे मुरमाचं पटांगण, त्यावर फक्कीनं आखलेलं कबड्डीचं मैदान. मधली रेघ वाकडी. खाली चुलतभावानं लिहिलं होतं, "पट १४ वर आलाय. सात-सात, बरोब्बर दोन संघ. पुढच्या वर्षी काय?"

ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, चौदा पोरांसाठी दोन मास्तर कशाला, बस लावा आणि मोठ्या शाळेत न्या. दुसरा म्हणाला, बस दोन महिने येईल, मग डिझेलचं बिल अडकेल आणि पोरी घरी बसतील. वाद जुनाच. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचे प्रस्ताव सरकारनं मागवले, तेव्हा अशा शाळा राज्यात १४ हजारांच्या वर होत्या. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणारा, निर्णय आला : सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली, तर शिक्षक शून्य.

मी बर्मिंगहॅमला, हँड्सवर्थच्या बाजूला राहतो. गरीब वस्ती आहे. इथल्या एका प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन मंडळावर मी बिनपगारी सदस्य आहे. काम आपल्या शाळा व्यवस्थापन समितीसारखंच, फक्त चहाबरोबर बिस्किटं मोजून. वर्षातून एकदा आमच्यापुढे प्युपिल प्रीमियमचा तक्ता येतो. २०११ पासूनची ही योजना. ज्या मुलाला गेल्या सहा वर्षांत कधीही घरच्या गरिबीमुळे मोफत जेवण मिळालं असेल, त्याच्यामागे शाळेला जादा पैसे मिळतात. २०२४-२५ मध्ये प्राथमिकच्या मुलामागे १,४८० पाउंड. बापाला मध्येच बरी नोकरी लागली तरी पैसे लगेच तुटत नाहीत. ते कशावर खर्च करणार, हे शाळेला संकेतस्थळावर टाकावं लागतं. पहिल्यांदा तो तक्ता पाहिला तेव्हा रकमेपेक्षा मोजायच्या रीतीनं चाट पडलो. आपल्याकडे मुलं किती एवढंच विचारतात. त्यांच्या घरात काय आहे, हा प्रश्न संचमान्यतेच्या तक्त्यात मी तरी पाहिलेला नाही.

खेळाचं सूत्र तर आमच्या वस्तीसाठीच केल्यासारखं. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांना २०१३ पासून वेगळा क्रीडा निधी मिळू लागला, २०१७ ला तो दुप्पट झाला. तेव्हापासूनचा हिशेब असा : पट १७ किंवा जास्त असेल तर शाळेला सरसकट १६,००० पाउंड, वर मुलामागे १०. सतराच्या खाली असेल तर मुलामागे १,०००. म्हणजे चौदा पोरांच्या शाळेला १४,००० पाउंड, रुपयांत पंधरा लाखांच्या आसपास. लहान शाळेला खेळ महाग पडतो, हे त्यात धरलेलंच आहे. आपल्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत क्रीडांगण आणि खेळाचं साहित्य आहे, पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक मात्र सहावी ते आठवीचा पट शंभरच्या वर असेल तरच. आमच्या वस्तीवर शंभर माणसं तरी उरलीत का, शंका आहे. आणि याच माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

आता 'तिकडे सगळं गुळगुळीत' असं वाटलं असेल तर थांबा. पेरी बारचं अलेक्झांडर स्टेडियम आमच्यापासून लांब नाही. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याचा कायापालट झाला. स्पर्धांचं अंदाजपत्रक होतं ७७.८ कोटी पाउंड, त्यातला मोठा वाटा तिथल्या केंद्र सरकारचा. उद्घाटनाला भलामोठा यांत्रिक बैल मैदानात आणला, लोक रडले. पुढच्याच वर्षी, ५ सप्टेंबर २०२३ ला, बर्मिंगहॅम महापालिकेनं कलम ११४ ची नोटीस, म्हणजे खर्च भागवायला पैसे नाहीत अशी कबुली, काढून हात वर केले. समान वेतनाची थकलेली देणी, फसलेली संगणक प्रणाली आणि वर्षानुवर्षं आटत आलेलं केंद्राचं अनुदान, सगळं एकदम अंगावर आलं. स्थानिक कर जवळपास १० टक्क्यांनी वाढला आणि कात्री वाचनालयांवर, युवक सेवेवर चालली. शाळांचे पैसे वाचले, कारण ते केंद्राकडून ठरल्या सूत्रानं येतात. युवक सेवेबद्दल मात्र कायदाच म्हणतो, 'वाजवीपणे शक्य असेल तितपत'. त्या तीन-चार शब्दांत पोरांच्या संध्याकाळी गेल्या.

स्टेडियमची फीत कापता येते. संध्याकाळी साडेसहाला पोरांना शिट्टी मारून गोळा करणाऱ्या माणसाच्या पगाराची कुठली फीत कापणार? आपल्याकडे पुण्याचं बालेवाडी क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलं, मग तालुक्या-तालुक्याला संकुल हे धोरण आलं. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय संकुलाच्या खात्यातून एका कंत्राटी कर्मचाऱ्यानं २१ कोटींहून अधिक रुपये वळवल्याचा गुन्हा डिसेंबर २०२४ मध्ये दाखल झाला. बातमी वाचून राग नंतर आला. आधी मनात आलं, एवढे पैसे खात्यात होते?

बस लावा म्हणणाऱ्यांचं एक मला पटतं. तेच ते चौदा जण वर्षभर एकमेकांत खेळून खेळाडू घडत नाही. समोरून अनोळखी चढाईपटू यायला हवा. पण त्यासाठी शाळेला कुलूप कशाला? आपल्याकडे शाळांच्या गटाचं केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहे, आसपासच्या शाळा त्याच्या हाताखाली आहेत. केंद्राला एक पूर्णवेळ क्रीडाशिक्षक द्या, शनिवारी बस सोडा. वर्ग वस्तीवर भरू दे, खेळ केंद्रावर. आणि हे शासन निर्णयात नको, तो दर वर्षी नवा निघतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच घाला, शंभरची अट काढून.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. चुलतभावानं अंगठा टाकला आणि लिहिलं, "दादा, ते होईल तेव्हा होईल. पोरांच्या कबड्डीच्या मॅटचं तेवढं बघ की."

पाठवले पैसे. करता काय? २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत मोठ्या देणगीदाराचं नाव शाळेला काही वर्षं लावायची सोय आहे. माझी रक्कम तेवढी कुठली, पण मॅटवर नाव छापून घेतो, असं चुलतभाऊ म्हणाला. मी नको म्हटलं. काल पुन्हा मेसेज आला, "आडनाव मोठं टाकू का बारीक?"