मामा, एक विचारू का?

पोलिसाला निवृत्त फक्त सरकार करतं, पब्लिक नाही. बिल्ला जमा केला तरी नवी पेठेत शेंगदाणा चटणी घेताना मागून हाक येतेच, "मामा, एक विचारू का?"

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत प्रश्न ठरलेला. होम मैदानावर गर्दीत मोबाईल गेला. "टॉवरवरून लोकेशन काढा की, दोन मिनिटांचं काम!" अरे बाबा, कंपनीकडून कॉलचा तपशील मागवायला अधीक्षक दर्जाचा अधिकारी लागतो. मी हवालदार, तोही माजी. माझ्या ताब्यात सध्या चटणीची पुडी आहे.

आधी जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं नवं घ्या. सीईआयआरच्या सरकारी पोर्टलवर फोन ब्लॉक करायला ओटीपी लागतो, आणि नव्या सिमवर एसएमएस सुरू व्हायला २४ तास जाऊ शकतात. तोवर ठाण्यात तक्रार देऊन प्रत घ्या, तीही पोर्टलवर चढवावी लागते. फोनचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, १५ आकडी, दोन सिमच्या फोनला दोन. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं की दिसतो हे सगळ्यांना पाठ असतं, पण दाबायला फोन लागतो! म्हणून तो नंबर छापलेलं खोकं रद्दीत घालू नका. फोन सापडला तर अनब्लॉक करा, नाहीतर नुसते फोटो बघत बसाल.

आणि खिसा कापला असेल तर 'गहाळ' लिहून देऊ नका. गहाळचा दाखला पटकन मिळतो, म्हणून तुम्हीही खूश आणि खरं सांगायचं तर आमचे काही गडीही खूश. पण त्यात गुन्हाच नाही, तर तपास कशाचा? चोरीची फिर्याद द्या.

मग हद्द. सोलापूरच्या स्टँडवर पाकीट मारलं आणि मोहोळला उतरल्यावर कळलं, तर परत यायची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. हाच तो झिरो एफआयआर. पुढं कागद फिरतात, तुम्ही नाही. प्रत फुकट मिळते, मागून घ्या. खबर ऑनलाईन दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, हे मात्र हमखास विसरतात.

"तेवढं चलान कॅन्सल करा की मामा," याला मी साफ नाही म्हणतो. फोटोत गाडी तुमची, नंबर तुमचा, हेल्मेट आरशाला टांगलेलं. नंबर चुकीचा वाचला गेला असेल तर ऑनलाईन तक्रार करता येते. 'इथंच तर चाललो होतो' असा पर्याय त्यात नाही.