झोपल्यावर छाती वाजली म्हणजे पाणी झालं?

थंडी पडली की इंदूरच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. मी छातीच्या फिजिओथेरपीचं काम करते, त्यामुळे लोकमान्य नगरातल्या काकू असोत की राजवाड्याकडचे आजोबा, तो मला दाखवल्याशिवाय कुणी राहत नाही. मजकूर असा: ‘माणसाला झोपवून पाठीला कान लावा. चुरचुर आली तर फुफ्फुसात पाणी. ज्या कुशीला आवाज मोठा, ते फुफ्फुस खराब. उठून बसल्यावर आवाज गेला तर काळजी नको. पालथं झोपवा, ऑक्सिजन वाढतो, दवाखाना टळतो.’

कान लावून ऐकायची पद्धत स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी करून मागे टाकली होती. असो.

‘चुरचुर म्हणजे पाणी.’ नेहमीच नाही. बसलेलं असताना श्वास सोडून झाल्यावरही फुफ्फुसांत अडीच-तीन लिटर हवा उरते. आडवं झालं की पोटातले अवयव छाती-पोटामधल्या श्वासाच्या पडद्याला वर ढकलतात आणि त्यातली अर्धा ते एक लिटर कमी होते. मग फुफ्फुसाच्या खालच्या भागातल्या बारीक नळ्या मिटतात. श्वास घेताना त्या पटापट उघडतात, तीच ही चुरचुर. कानाजवळ केस चोळल्यासारखी. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर आडवं असताना हे निरोगी माणसातही घडू शकतं. चार-पाच खोल श्वास घेतले किंवा खोकलं की बहुधा आवाज जातो. हृदय थकल्यामुळे किंवा न्यूमोनियामुळे आलेली चुरचुर अशी सहज जात नाही. शिवाय पाणी फुफ्फुसाच्या बाहेर, आवरणात साठलं असेल तर तिथला श्वासाचा आवाज उलट मंदावतो. म्हणजे मेसेजवाला तिथं ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळा!

मोठ्या आवाजाची कूस? जागेपणी मोठ्या माणसात खालच्या बाजूचं फुफ्फुसच जास्त हवा घेतं, तिथं आवाज मोठा येऊ शकतो. तान्ह्या बाळात हेच उलटं.

‘बसल्यावर गेला तर काळजी नको.’ माझा खरा राग या वाक्यावर आहे. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे परततं. अशक्त हृदयाला तो भार पेलत नाही, दम लागतो, आणि उठून बसलं की बरं वाटतं. हे बरं वाटणंच डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. एका उशीवर झोपणारे बाबा तीन उशा मागू लागले, रात्री दचकून उठून खिडकीशी बसू लागले, तर आवाज असो-नसो, त्यांना दाखवायला न्या.

पालथं झोपण्यात तथ्य आहे, पण ते अर्धं सांगितलंय. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच अभ्यासात, फुफ्फुसं गंभीर निकामी झालेल्या पेशंटांना रोज किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. पण ते सगळे आयसीयूत, व्हेंटिलेटरवर होते; दुलईत नव्हते. घरी धाप लागलेल्या हृदयाच्या पेशंटला पालथं पाडू नका. पाठीला उशा देऊन बसवा, पाय खाली सोडू द्या आणि १०८ ला फोन लावा.