स्ट्रॉयेटवरची ‘पाचशे वर्षं जशीच्या तशी’ घरं

कोपनहेगनच्या स्ट्रॉयेट या रस्त्याचा एक फोटो आणि त्याखालचा मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत येतो. सार असा: इथल्या इमारती पाचशे वर्षं जशाच्या तशा उभ्या आहेत, कारण लोकांना वारशाची कदर आहे; म्हणून त्यांनी एकमुखाने गाड्या हद्दपार करून जगातला पहिला पादचारी रस्ता केला आणि त्यामुळेच या वास्तू वाचल्या. फोटो छान आहे, रस्ता त्याहून छान. मजकुराचं मात्र एकही वाक्य तपासणीत टिकत नाही.

आधी ‘पाचशे वर्षं’. 1728 च्या ऑक्टोबरात हे शहर पेटलं आणि मध्ययुगीन भागातला जवळपास निम्मा जळून गेला. 1795 च्या जूनमध्ये पुन्हा आग लागली, त्यात नऊशेच्या वर घरं गेली. उरलंसुरलं 1807 मध्ये ब्रिटिशांच्या तोफांनी आणि अग्निबाणांनी झोडपलं. स्ट्रॉयेटवर जुनी म्हणून जी घरं दिसतात, त्यांतली बरीचशी 1795 नंतर उभी राहिलेली आहेत. पश्चिमेकडचा फ्रेडरिक्सबर्गगेड हा तुकडा तर 1728 च्या आगीनंतर आखला गेला, म्हणजे तिथे घरंच काय, रस्ताही मध्ययुगीन नाही. त्याच टोकाचा विटांचा टाउन हॉल पाहून पर्यटक हमखास फसतात. तो 1905 साली पूर्ण झाला.

खरोखर जुनं काहीच नाही असं नाही. आमागरटॉर्व चौकात 1616 चं एक घर आहे, माथियास हान्सेन नावाच्या महापौराचं, डच पद्धतीचं. दोन्ही आगींतून ते वाचलं. पण ते अपवाद म्हणून दाखवायचं घर आहे, नमुना म्हणून नव्हे. जवळच्याच हेलिगॉन्सकिर्के या चर्चच्या आवारात मध्ययुगीन रुग्णालयाची इमारत शिल्लक आहे. खुद्द चर्च मात्र 1728 मध्ये जळालं, पुन्हा बांधलं गेलं आणि त्याचं आजचं बाह्यरूप 1880 च्या सुमाराचं आहे. ‘जसंच्या तसं’ कशाला म्हणायचं?

आता ‘वारशाची कदर’. या रस्त्याच्या आसपास फिरताना चौकातल्या घरांचे कोपरे बघावेत. दोन भिंती काटकोनात भिडायला हव्यात, तिथे कोपरा तिरका कापून तिसरी अरुंद भिंत काढलेली असते, खालपासून छपरापर्यंत. चार रस्ते मिळतात तिथे चारही घरांना असा छाट दिलेला असेल, तर चौक अष्टकोनी होतो. बघणाऱ्याला ही नजाकत वाटते. प्रत्यक्षात तो 1795 च्या आगीनंतरचा नियम आहे: आग विझवणाऱ्यांच्या लांबलचक शिड्या गाडीवरून नेताना वळणावर अडकू नयेत, म्हणून कोपरे छाटायचे. रस्त्याकडेची भिंत पक्क्या विटांचीच हवी, लाकडी चौकटीची चालणार नाही, हा नियमही याच धास्तीतून आला. गंमत म्हणजे असा प्रयत्न 1728 नंतरही झाला होता, पण लोकांना पक्कं बांधकाम परवडेना, म्हणून काही वर्षांतच तो सैल केला गेला. मग 1795 उजाडलं. तेव्हा एका ओळीत नीटनेटक्या उभ्या असलेल्या त्या दर्शनी भिंतींमागे सौंदर्यदृष्टी असेलच, पण पहिला हात अग्निशमनाच्या नियमांचा आहे.

‘एकमुखाने’ हा शब्द तर सरळ खोटा. नाताळच्या खरेदीत रस्ता काही दिवस गाड्यांना बंद करायची पद्धत आधीपासून होती. पण 17 नोव्हेंबर 1962 पासून तो प्रयोग म्हणून सलग बंद ठेवला, तेव्हा दुकानदार खवळले. गाडी दारात येणार नसेल तर गिऱ्हाईक येईल कशाला, हा त्यांचा सवाल होता. आपण काय इटालियन आहोत, रस्त्यात रेंगाळायला, असाही सूर होता. डेन्मार्कच्या हवेत उघड्यावर बसणार कोण? ज्या महापौराने, आल्फ्रेड वासार्डने, हा निर्णय पुढे रेटला, त्याला धमक्या आल्या. 1964 मध्ये प्रयोग कायम झाला, तो रस्त्यावर माणसं दिसू लागल्यावर. याला एकमत म्हणत असतील, तर भांडण कशाला म्हणतात?

‘जगातला पहिला’ हे दोन ओळींत संपतं. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचं लाइनबान हे केवळ पादचाऱ्यांसाठी आखलेलं बाजारपेठेचं संकुल 1953 मध्येच खुलं झालं होतं, आणि तेही 1940 च्या बॉम्बहल्ल्यात भुईसपाट झालेल्या भागात, कोऱ्या इमारतींचं.

उरला शेवटचा दावा: पादचारी रस्त्यामुळे इमारती वाचल्या. डेन्मार्कचा पहिला इमारत संरक्षण कायदा 1918 चा आहे, रस्ता बंद होण्याच्या 44 वर्षं आधीचा. पाडापाडीला अटकाव करतो तो असा कायदा. फरसबंदीने तो होत नाही. गाड्या गेल्यामुळे धूर आणि हादरे कमी झाले असणार, तेवढं श्रेय द्यायला हरकत नाही. पण गर्दी वाढली की दुकानाची जागा महागते, आणि महागलेल्या जागेचा मालक तळमजल्याची जास्तीत जास्त भिंत काढून काच बसवायला बघतो. स्ट्रॉयेटवर मान वर करून चाललं तर वरच्या मजल्यांवर एकोणिसावं शतक दिसतं. नजर खाली आणली की कुठल्याही शहरात दिसतील त्याच साखळी दुकानांच्या पाट्या.

पादचारी रस्त्याचं यश खरं आहे, पण ते वेगळ्या खात्यावर जमा करायला हवं. 1962 मध्ये शहराच्या मध्यभागी पादचाऱ्यांसाठी 15,800 चौरस मीटर जागा होती. 2005 पर्यंत ती सुमारे 1 लाख चौरस मीटर झाली. हा हिशेब चालणाऱ्या माणसांचा आहे, जुन्या भिंतींचा नव्हे.