फुल तिकीट

रविवारी रात्री जळगाव-अमळनेर गाडीत कंडक्टर मला बाबा म्हणाला. माझं वय २१ आहे.

झालं असं की एकांकिका स्पर्धा होती, मी त्यात आजोबा होतो, आमचा नंबर आला नाही. संपला विषय. पण प्रयोग झाल्यावर तोंड धुवायला ग्रीन रूममध्ये गेलो तर नळाला पाणी नाही. नळ उघडला की नुसतं फुस्स. डिपॉझिट आधी घेतात, पाच मिनिटं उशीर झाला तर गेटवर कुलूप दाखवतात, आणि तीन बल्बपैकी एक चालू, आरशाला मधोमध तडा, म्हणजे निम्मं म्हातारपण अंदाजानेच काढायचं. कोणीतरी म्हणालं केसातलं झिंक ऑक्साईड खोबरेल तेलाने निघतं. निघालं नाही, त्याचा चुना कालवला गेला. शेवटची गाडी सुटेल म्हणून आजोबांची शाल अंगावर तशीच ठेवून स्टँडकडे पळालो. थंडी होतीच.

तर कंडक्टर. आला, माझ्याकडे बघितलं आणि न विचारता मशीनवर बोट फिरवायला लागला. "बाबा, पासष्टच्या वर का पंच्याहत्तरच्या?" पासष्टला अर्धं, पंच्याहत्तरच्या पुढे फुकट, हा हिशोब आपल्याकडे आता शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. मी म्हणालो, "फुल द्या, अमळनेर." म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. दोन महिने तालमीत ओरडून घसा बसलेला, त्यातून जे काही निघालं ते ऐकून तो अजूनच मऊ झाला.

"कशाला फुल? सरकार देतंय तर घ्या ना. आधार आहे का?"

मी मोबाईलमध्ये आधार दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. "बाबा, नातवाचं नाही चालत."

"अहो मीच आहे तो!"

"नाव एकच आहे का दोघांचं?"

आता यावर माणसाने काय बोलावं? शेजारी एक आजी होती, मांडीवर वांग्यांची पिशवी, भरताची मोठी हिरवी वांगी, देठं माझ्या बरगडीत. ती मधे पडली, "दे ना रे भो त्याले अर्धं, म्हतारं मानूस शे." मी तिला सांगितलं की आजी, मी नाटकात काम करतो, हा मेकअप आहे. तिने मान हलवली, आणि कंडक्टरकडे वळून हळूच स्वतःच्या डोक्याजवळ बोट फिरवलं. मागच्या सीटवरचा एक जण म्हणाला, आमच्या काकांचंही असंच सुरू झालं होतं. अख्खी गाडी माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागली की मला एक क्षण खरंच वाटलं, उतरल्यावर घर सापडेल ना?

शेवटी "द्यायचंच आहे तर द्या बुवा" असं म्हणून त्याने फुल तिकीट फाडलं. सुट्टे नव्हते. तिकिटाच्या मागे १३ रुपये लिहून दिले, उतरताना घ्या म्हणाला.

बालगंधर्व लहानपणी आमच्या जळगावात होते, मेहबूब खाँ साहेबांकडे गाणं शिकले, हे आम्हाला पहिल्याच वर्षी इतक्यांदा ऐकवलंय की ते आमच्या वर्गात होते असं वाटतं. पुढे त्यांची लुगडी नेसायची पद्धत घरंदाज बायका उचलायच्या म्हणे. आज ते त्याच लुगड्यात लालपरीत बसले असते तर कंडक्टरने महिला सन्मानचं अर्धं तिकीट हातावर ठेवलं असतं आणि ती दाद समजून सगळ्यांनी लिहून ठेवली असती. मला मिळालं ते काय होतं मग? दादच ना?

कारण परीक्षक काय म्हणाले माहितीय? "म्हातारपण चेहऱ्यावर आहे, पायात नाही." एवढंच. दोन महिन्यांचं एवढंच.

आणि मी काय कमी केलं होतं? पहिल्या तालमीला कमरेत वाकून थरथरत आलो तर डिरेक्टर दादा म्हणाला, तू म्हातारा नाही, तुला मुरडा झालाय. घरी जाऊन आबांकडे बघ. मग दिवाळीच्या सुट्टीत मी खाटेसमोर वही घेऊन बसलो. आबा उठायच्या आधी खाटेचा काठ हाताने चाचपतात, पाय आत ओढतात आणि थांबतात. ते थांबणं मी आधी कधी बघितलंच नव्हतं. तेवढ्यात ते आजूबाजूला कोणी बघतंय का ते बघून घेतात, मग उठतात. म्हातारी माणसं वाकत नाहीत हो, वाकलेलं लपवतात. हे मला कळलं त्याच दिवशी आबांनाही कळलं की मी बघतोय. दोन दिवस ते माझ्यासमोर जवानासारखे फिरले, आणि रात्री आजीकडून कमरेला तेल लावून घेतलं. शिव्या मला बसल्या.

ते थांबणं मी स्टेजवर केलं. पहिल्यांदाच हॉल गप्प झाला, मोबाईलसुद्धा वाजला नाही, मला माझा श्वास ऐकू येत होता. दादा विंगेतून बघत होता. नंतर तो काहीच बोलला नाही, नुसतं भरीत-पुरीचं बिल त्याने भरलं, जे तो कधीच भरत नाही. पण परीक्षक पाय बघत होते.

धरणगाव गेलं, अमळनेर आलं. आजीची दुसरी पिशवी वर ठेवलेली, मी उठलो, सीटच्या दांड्यावर पाय देऊन ती काढली आणि उडी मारून खाली आलो. आजी माझ्या पायांकडे बघत बसली.

"तू म्हतारा नै शे रे," ती म्हणाली, "पाय दखा ना तुना."

मी काय बोलणार. तिची दोन्ही ओझी घेऊन उतरलो, तिला रिक्षात बसवून वळलो तर गाडी डेपोकडे निघून गेलेली. ते तिकीट अजून पाकिटात आहे, मागे निळ्या पेनाने १३ आणि त्याभोवती गोल.