पुस्तक अमेरिकेचं, मत आपलं

सगळ्यात आधी एक क्लिअर करून टाकू, अमेरिकन समाजावरचं किंवा इतिहासावरचं पुस्तक वाचून मग मत देणं हे नवशिक्यांचं काम आहे. वाचलेला माणूस कायम अडखळतो, "तसं नाही हो, पुढे लेखिका म्हणते की..." करत बसतो, आणि तेवढ्यात न वाचलेला माणूस दोन बटाटेवडे खाऊन विषय निकालात काढून मोकळा झालेला असतो. मी गेली चार वर्षं इकडे न्यू जर्सीत एका मराठी वाचनकट्ट्याला जातोय, महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, माणसं पंधरा, पुस्तक एक, वाचून आलेले साधारण तीन. त्या अनुभवावर हे चार शब्द. घ्या, तुमच्याही कामी येतील.

सुरुवात नेहमी तोकव्हीलपासून करायची. नाव फ्रेंच आहे, उच्चाराची खात्री समोरच्यालाही नसते, त्यामुळे तो गप्प बसतो. हा गडी 1831 साली, वय वर्षं 25, तुरुंगांची पाहणी करायची म्हणून अमेरिकेत आला, नऊ महिने फिरला, आणि परत जाऊन 'डेमॉक्रसी इन अमेरिका'चे दोन भाग लिहिले, 1835 आणि 1840 मध्ये. वाचायची काही गरज नाही. "तोकव्हीलने हे तेव्हाच सांगितलं होतं" एवढंच म्हणायचं. काय सांगितलं होतं हे कोणी विचारत नाही, कारण विचारलं की "म्हणजे तुम्ही वाचलं नाहीये?" हा प्रश्न त्याच्यावरच उलटतो.

आणि कोणी म्हणालंच की नऊ महिन्यांत एवढा देश कसा काय कळला बुवा, तर आपल्याकडे सहा महिन्यांच्या व्हिसावर लेकाकडे आलेले काका आहेत की. काकांना अमेरिकन समाज पहिल्याच आठवड्यात, कॉस्टकोच्या पार्किंग लॉटमध्ये कळतो. "ह्या लोकांना माणसांची ओढ नाही रे, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही." हे ऐकत ऐकत मुलगा गाडी गराजमध्ये घालतो, बटण दाबतो, शटर खाली येतं, आणि अकरा वर्षं झाली त्यालाही शेजाऱ्याचं आडनाव माहिती नाही. तोकव्हीलला तर उलट दिसलं होतं, की ही माणसं बारीकसारीक कामासाठीसुद्धा एकत्र येऊन संस्था काढतात. पण ते पान अजून काकांपर्यंत पोचलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते दुसऱ्यांनी सांगितलंय.

जाड पुस्तक असेल तर ते विकत मात्र घ्याच. रॉबर्ट कॅरोचं 'द पॉवर ब्रोकर' घ्या, 1974 चं, न्यूयॉर्कचे रस्ते, पूल, पार्क ज्याने बांधले त्या रॉबर्ट मोझेसचं चरित्र, हजाराच्या वर पानं. कोविडच्या काळात टीव्हीवर घरून बोलणाऱ्या पत्रकारांच्या आणि पुढाऱ्यांच्या मागे हेच पुस्तक उभं असायचं. माझ्याही मागे होतं. माझी खूण पान 61 वर आहे, आणि खूण म्हणजे ड्रायक्लीनरची पावती, जिचा कोट मी अजून आणलेला नाही. ह्या पुस्तकातली एकच गोष्ट पाठ करायची, लाँग आयलंडच्या पार्कवेवरचे पूल म्हणे मुद्दाम बुटके बांधले, म्हणजे खालून बस जाणार नाही, म्हणजे गरीब आणि काळी माणसं बीचवर पोचणार नाहीत. ह्या किश्श्यावर अभ्यासकांत वाद आहेत ते सांगत बसू नका, वडे गार होतात. तिकडून ड्राइव्ह करताना पूल आला की सांगायचं. बायको खिडकीबाहेर बघायला लागेल, तिने सात वेळा ऐकलेलं असतं.

जे. डी. व्हान्सच्या 'हिलबिली एलेजी'बद्दल मत देताना फक्त साल बघायचं. 2016 ला जे पुस्तक "गोऱ्या गरिबांचं काय डोळे उघडणारं चित्र" होतं तेच लेखक निवडणुकीला उभा राहिल्यावर काहींना भंपक वाटायला लागलं आणि काहींना अचानक महान, आणि मधल्या काळात ते परत उघडलं कोणीच नव्हतं.

आता अवघड भाग. काही पुस्तकं अशी असतात की ती गप्प बसवतात, आणि गप्प बसणं कट्ट्याला परवडत नाही. इसाबेल विल्करसनचं 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स' आम्ही घेतलं होतं. 1915 ते 1970 ह्या काळात साठेक लाख काळी माणसं दक्षिण सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली, त्यांची गोष्ट. त्यातला एक रॉबर्ट फॉस्टर, सर्जन, आर्मीत डॉक्टर राहिलेला, 1953 साली लुइझियानाहून एकटा गाडी चालवत कॅलिफोर्नियाला निघालाय. ॲरिझोनात रात्री मोटेलमागून मोटेल खोली नाही म्हणतात. खिशात पैसे आहेत, झोपेने डोळे मिटतायत, आणि तो तसाच पुढे गाडी हाकतो. एका वहिनींनी हे सांगितलं आणि बेसमेंटमध्ये नुसता हीटरचा आवाज. मग एकजण म्हणाला, "आता असता ना, तर पटेलांनी दिली असती खोली," (इकडची बरीच मोटेलं गुजराती पटेलांची) सगळे हसले, सुटलो.

तरीही वातावरण जड राहिलं तर आठ डॉलर काढायचे. प्रत्येक कट्ट्यावर एक तरी ज्येष्ठ असतातच, जे 1968 ला वगैरे आठ डॉलर घेऊन उतरले होते. (तेव्हा परकीय चलनच तेवढं मिळायचं, खोटं नाही ते.) "आम्ही नाही का आलो? मेहनत केली, कुणाला दोष नाही दिला." इथे माना हलवायच्या. ते दार 1965 च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलं, आणि तो कायदा काळ्यांना समान हक्क देणाऱ्या सिव्हिल राइट्स ॲक्टच्या पाठोपाठ सव्वा वर्षात, त्याच चळवळीच्या वाऱ्यात आला, त्याआधी 1946 पासून अख्ख्या भारताचा कोटा वर्षाला 100 माणसांचा होता, असलं काही मध्येच काढायचं नाही. एकदा यजमानांच्या कॉलेजातल्या मुलीने काढलं होतं. वर भगतसिंग थिंदची 1923 ची केस पण सांगितली, की हा पहिल्या महायुद्धात अमेरिकन आर्मीत होता, त्याने सुप्रीम कोर्टात म्हटलं मी उच्च जातीचा, आर्य वंशाचा, म्हणजे मला गोरा धरा आणि नागरिकत्व द्या, आणि कोर्ट म्हणालं सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तू नाहीस. अशा वेळी बरोब्बर एक वाक्य कामाला येतं, "चहा कोणाकोणाला?"

विल्करसनचंच 2020 चं, अमेरिकेतला वर्णभेद म्हणजे जातव्यवस्थाच म्हणणारं 'कास्ट' असेल तर ते मागून वाचायचं, म्हणजे इंडेक्समध्ये 'इंडिया' शोधायचं, तेवढीच पानं वाचायची आणि त्यावर भडकायचं. मार्टिन ल्यूथर किंग 1959 ला भारतात आले होते, तेव्हा केरळातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतले अस्पृश्य बांधव अशी करून दिली, आणि किंग आधी दचकले, मग विचारात पडले, हा प्रसंग त्यात आहे. ह्यावर म्हणायचं, "बाहेरच्या माणसाला आपला समाज काय कळणार." हे कॉस्टकोवाल्या काकांनी म्हटलं तर जास्त शोभतं. दुसरं म्हणायचं, "आता कोण विचारतंय जात." त्याच दिवशी एक नवीन जोडपं आलं होतं. "आडनाव काय म्हणालात? अच्छा. नाही, म्हणजे मूळ गाव कुठलं? हां हां, पण तिकडे तर दोन्ही असतात ना?" तो बिचारा पेपर प्लेट धरून उभाच.

हे सगळं इकडचं खूळ आहे, आपल्या मराठीशी काय संबंध, असंही शेवटी म्हणून टाकावं. मी म्हटलं. त्यावर त्याच वहिनींनी फोनवर 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका काढून वाचली. 1873. जोतिराव फुल्यांनी पुस्तक अर्पण केलंय ते अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून, आणि माझ्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा म्हणून. सगळे "हो हो, शाळेत होतं" म्हणाले. मीही म्हणालो.

पुढच्या महिन्याचं पुस्तक वहिनींनीच सुचवलं, पंडिता रमाबाईंचं 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त', 1889 चं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला म्हणून 1886 ला त्या फिलाडेल्फियाला आल्या, म्हणजे आमच्यापासून तासदीड तासावर, 1888 पर्यंत राहिल्या आणि परत जाऊन अख्खी अमेरिका मराठीत लिहून काढली.

"मराठीत?" एकजण म्हणाला, "इंग्लिश ट्रान्सलेशन असेल तर बघ ना, ऑडिओ मिळालं तर बेस्टच, कम्यूटमध्ये होईल."

मी मान हलवली आणि म्हणालो, रमाबाईंनी हे सगळं तेव्हाच सांगितलं होतं. काय ते कोणी विचारलं नाही.