लातुरात बाथटब बसवताय? मग आधी पाणी कुठं जाणार ते ठरवा

मी लातुरात आणि आजूबाजूच्या तालुक्यांत घरबांधणीची कामं घेतो. अलीकडं वरच्या मजल्याचा नकाशा टेबलावर आला की घरातलं कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, "दादा, इथं टब बसंल का?" आवाज दबका, कारण आपल्या भागात टबाचं नाव काढलं की चारचौघं बोलतात. लोकांना प्यायला पाणी नाही आन् ह्यांना टब पाहिजे!

बोलणाऱ्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातुरात आली, १० वाघिणींतून ५ लाख लिटर घेऊन. तो उन्हाळा ज्यानं काढला त्याला उघडा नळ बघवत नाही. पण दिवसभर दुकानात उभं राहून नाहीतर रानात वाकून कंबर धरलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात पडून राहावं वाटलं, तर त्याला चैन म्हणून हिणवणं मला पटत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. टबातलं पाणी झाडाला जाणार असेल तर टब बसवा. गटारात जाणार असेल तर नका बसवू.

हिशेब बघा. पाच फुटी टब जास्तीचं पाणी जायच्या भोकापर्यंत भरला की साधारण दीडशे-दोनशे लिटर होतात. आत माणूस बसणार म्हणून प्रत्यक्षात १२० च्या आसपास भरलं तरी पुरतं. शहराची पाणीयोजना आखताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे एका टबात एका माणसाचं जवळपास दिवसभराचं पाणी गेलं. बादलीची आंघोळ वीस लिटरांत उरकते. पण साध्या शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तरी ऐंशी-शंभर लिटर जातात, तेही रोज, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. टबाचं पाणी निदान एका जागी साठलेलं असतं, त्यामुळं ते वळवता येतं.

आपल्या जुन्या घरांत न्हाणीच्या मोरीचं तोंड परसात असायचं. तिथं केळ, कर्दळ, अळू. ऐन मे महिन्यातसुद्धा तेवढा कोपरा हिरवागार. आता आपण आंघोळीचं पाणी संडासाच्या लाइनीला जोडतो आणि झाडांसाठी टँकर मागवतो! टब वरच्या मजल्यावर असेल तर काम आणखी सोपं, मोटारीची गरज नाही, पाणी आपसूक खाली येतं. फक्त टबाची आणि न्हाणीची लाइन संडासापासून वेगळी काढा, आणि बाहेर एक वळवायचा व्हॉल्व्ह ठेवा, म्हणजे पावसाळ्यात पाणी ड्रेनेजला सोडता येतं. हे फरशी बसायच्या आधी ठरवायचं. नंतर सगळं फोडावं लागतं. साबणाचं पाणी केळीला, कर्दळीला, नारळाला चालतं, भाजीपाल्याला घालू नका. साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारतं. आणि आंघोळीची ती सुगंधी मिठं टबात अजिबात नकोत. आपली काळी जमीन आधीच पाणी धरून ठेवते, त्यात मीठ साचलं की झाड पिवळं पडतं.

टब कसला घ्यायचा? माझं मत ॲक्रिलिक, साधा, जेट (पंपानं पाण्याचे फवारे मारणारी भोकं) नसलेला. आपल्या बोअरचं पाणी जड. काळ्या खडकातलं क्षाराचं पाणी जेटच्या बारीक भोकांत आणि पंपात बसतं, आणि मग दुरुस्तीवाला शोधत फिरा. शोरूममध्ये टबाच्या चकाकीकडं बघत बसू नका. टब उलटा करून दाखवा म्हणावं. खालच्या बाजूला फायबरचा थर सगळीकडं सारखा आहे का, तळाला फळी दाबून बसवली आहे का, ते हात फिरवून बघा. मग सरळ करून तळाच्या मध्यभागी तळहातानं जोर द्या. तळ दबला, करकरला, तर तो टब माणसाच्या वजनाखाली हलणार आणि सांध्यातून पाणी झिरपणार. क्षाराचा पांढरा पट्टा बसू नये म्हणून आंघोळ झाली की टब लगेच पुसून कोरडा करावा. ॲसिड आणि तारेची घासणी ॲक्रिलिकला लावायची नाही.

बिडाचा टब दिसायला राजेशाही, पण एकटा टबच शंभर किलोच्या वर. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट बघितलेल्या भागात डोक्यावरच्या वजनाची भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. भरलेला ॲक्रिलिक टब माणसासकट सव्वादोनशे किलोच्या घरात जातो, आणि राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोचा भार धरून काढतात. म्हणून सेंट्रिंग लागायच्या आधीच इंजिनिअरला सांगा. जुन्या माळवदावर तर विषयच नको.

गरम पाण्याचंही बघा. २५ लिटरच्या गिझरमधून कोमट करून पन्नासेक लिटर मिळतं, त्यात टब अर्धाही होत नाही. आपल्याकडं ऊन भरपूर, २०० लिटरचा सोलर असेल तर प्रश्न मिटला. गॅस गिझर मात्र बंद बाथरूमच्या आत कधीच बसवू नका, त्यातल्या विषारी वायूनं माणसं दगावतात. आणि लहान लेकरू घरात असेल तर टब भरून ठेवून बाजूला जायचं नाही, लेकरू बुडायला वीतभर पाणीसुद्धा पुरतं.

आणखी एक, आईवडलांसाठी. टबाचा काठ जमिनीपासून पावणेदोन-दोन फूट असतो. गुडघे धरलेल्या माणसाला ओल्या फरशीवरून तेवढा पाय उचलणं धोक्याचं. घरात न्हाणी एकच असेल तर तिथं टब बसवूच नका. भिंतीला धरायला दांडी लावा, बसायला दगडी ओटा करा, खाली खरबरीत फरशी घाला. टब दुसऱ्या न्हाणीत, तीही असेल तर.

ज्यांचं काम सध्या प्लिंथवर (जोत्यावर) आहे त्यांनी पाइपाच्या लाइनीचा नकाशा खाली कमेंटमध्ये टाका. संडासाची लाइन कुठं वेगळी करायची ते मी बघून सांगतो.